चक्कीतला घाट

आमच्या खारपाणपट्ट्यात जमीन इतकी सपाट
की सुटलेला कंचा कुठं जावं या विचारात तिथंच थांबतो.
सगळ्यात मोठा चढ पूर्णेच्या पुलाचा,
तोही कॅरिअरला ज्वारीचा डबा असला तरच कळतो.

म्हणून आचलनं घाट मागवला.
खोक्यातून आला तो, दर्यापूरहून टेम्पोनं,
अठरा किलोचा.
सायकलचं मागचं चाक काढायचं,
साखळी त्याच्या दात्यांवर चढवायची,
मोबाईलमध्ये रस्ता टाकायचा:
धामणगाव गढी ते चिखलदरा.
डोंगर जिथं पाय धरेल
तिथं मशीन पाय धरतं.

ठेवला माझ्या चक्कीत.
घरातला कूलर आजारी,
आणि इथला निदान पाणी तरी उडवतो.
मे महिना. दिवसाचे सेहेचाळीस
संध्याकाळी सातलाही भिंतीतून बाहेर येत असतात.
तिच्या भुवयांवर घाम, घामावर पीठ.

पहिल्या दिवशी चाकाचा वेग एकतीस,
मोबाईलमधली बाई चाललेली नऊनं.
"यातला खरा कोणता?"
"दोन्ही, मामा."
मी पट्ट्याला राळ लावत बसलो.

गिअर मात्र लगेच उमगले, ते माझंच खातं.
मोटरची पुली चार इंची, दगडाची चौदा:
मोटर धावते, दगड आपल्या चालीनं फिरतो,
हरभरा टाकला तरी अडत नाही.
तिच्याकडे अकरा दाती ते चौतीस दाती.
चौतिसावर पाय हलका, चाक संथ.
आणि नेमकं तेच तिला जड जायचं.
"हलक्या गिअरवर जड कसं गं?"
"चाकात जीव रायत नाही ना, मामा.
अकरावर चाक पयते, मंग थेच मले घेऊन पयते.
चौतिसावर पाय थांबला का चाकबी थांबलं.
घाटात असंच होते म्हणतात."

म्हणतात.
घाट तिनं पाहिला कुठं होता?
थंडीत पहाटे उत्तरेला निळी रेघ दिसते,
तेवढाच.

गयाबाई खंडारे दळणाचा डबा टेकवून रोज विचारायची,
"कुठलोक गेली पोरगी?"
"सहा किलोमीटर."
"अन् मायं दळण?"
एकदा तिनं मशीनला हात लावून पाहिला, झटक्यात काढला.
"तापला वो तुमचा डोंगर."

मंगळवारी घाट नसायचा, नुसता भार: एकशे साठ.
त्या दिवशी गिअर कोणताही टाका, सुटका नाही.
पाय मंदावला की पायडल जड,
पायडल जड की पाय आणखी मंद,
आणि मग पोरगी चिखलात रुतल्यासारखी उभी.
ओली ज्वारी आली की माझी मोटर अशीच गुंगुं करते.
तेव्हा मी दाणे बंद करतो.
तिचे दाणे कुठून बंद करायचे?
रिकाम्या हातानं मी तिच्यामागे उभा.

शुक्रवारी आठव्या किलोमीटरला लाइन गेली.
कूलर थांबला. बल्ब गेला.
घाटही गेला:
पायाखालून पायरी काढल्यासारखी
ती हँडलवर आदळली.
मोबाईलमधली बाई तेवढी उजेडात,
वळणावर उभी.
"उतरू नको वो माय," गयाबाई अंधारातून म्हणाली,
"येईन लाइन."

उतरली नाही.
नसलेल्या चढावर पाय फिरवत राहिली, हळूहळू.
दगड आपल्या वजनानं फिरत फिरत निजला.
मी चाचपडत हॉपरची पाटी ओढली,
दगडातले दाणे हातानं काढू लागलो.
भरल्या दगडानं चक्की सुरू होत नाही,
पट्टा तरी तुटतो, मोटर तरी जळते.

तेवढ्यात मागून आवाज आला,
टक्.
थोड्या वेळानं परत, टक्.
एकेक दाती करून
पोरगी चौतिसाकडे चालली होती,
चढ परत यायच्या आत.